नंदी पलीकडे राहिला : खिद्रापूर-येडूर सहलीचं प्रकरण

दादरच्या आमच्या वाचनालयाची दर वर्षी एक अभ्याससहल निघते. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेतून, दोघं गिरणीतले. घारापुरी, कान्हेरी, मंडपेश्वर असं जवळचं सगळं पाहून झालं, तेव्हा डिसेंबर २०२३ला लांब जायचं ठरलं आणि 'सीमेवरची देवळं' असा विषय घेतला. आखणी माझ्याकडे होती. सहल फसली. का फसली ते कार्यकारिणीला लेखी द्यायचं होतं, म्हणून लिहायला बसलो. पण त्यानंतर फेब्रुवारीत एक दुसरी, छोटी सहल करावी लागली आणि तिच्यामुळे या कागदाचं रूपच पालटलं. म्हणून दोन्ही एकत्र मांडतो आहे.

कागदावरची सहल

शुक्रवारी रात्री दादरहून बस. शनिवारी सकाळी नरसोबाची वाडी, मग कुंभोजचा बाहुबली, जेवण, खिद्रापूर, मुक्काम मिरजेला. रविवारी सकाळी सांगलीचा गणपती, मग सीमा ओलांडून येडूर आणि परतीच्या वाटेवर जमलं तर पन्हाळा. माणसं अडतीस, माणशी ३,२०० रुपये. कागदावर सहल फार देखणी दिसत होती. पन्हाळा यादीत कसा आला, हे आता कुणीच कबूल करत नाही.

यादी बनवताना एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही. यात सीमेवरचं म्हणावं असं एकच जोडस्थळ होतं, खिद्रापूर आणि येडूर, आणि त्याच्या वाट्याला आम्ही सगळ्यांत कमी वेळ ठेवला होता.

पन्नास मिनिटं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याच्या टोकाला कृष्णेच्या वळणात खिद्रापूर आहे. नदीपलीकडचं जुगूळ कर्नाटकातलं. गावात शिरलो की एकदम समोर कोपेश्वराचं देऊळ येतं. काळा बेसाल्ट, आणि तो इतका कोरलेला की लांबून दगड वाटतच नाही. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं हे बांधकाम. देवळाच्या पायथ्याला हत्तींची रांग आहे; सगळा भार त्यांच्या पाठीवर असल्यासारखी. कित्येकांच्या सोंडा तुटलेल्या आहेत.

आधी लागतो तो स्वर्गमंडप. छताच्या मधोमध गोल मोकळं आकाश, खाली बरोबर त्याच मापाची गोल शिळा आणि तिच्याभोवती बारा खांब. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र या गोलावर येतो, ते पाहायला आता गर्दी होते. आम्ही गेलो ते भर दुपारी, आणि तरी दोघांनी चंद्र कुठून येतो असं विचारलंच.

स्वर्गमंडप बाकीच्या देवळाला चिकटलेला नाही, मध्ये फट आहे. तिथून आत सभामंडपात गेलं की उजेड एकदम मागे राहतो. गाभाऱ्यात दोन लिंगं : एक कोपेश्वर, म्हणजे रागावलेला शंकर, दुसरा धोपेश्वर, म्हणजे त्याची समजूत काढायला आलेला विष्णू. शिवालयात सवयीने नजर ज्याला शोधते, तो नंदी मात्र नाही. मंडपात नाही आणि बाहेरही नाही.

त्याची गोष्ट गावात कुणीही सांगतं. दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला बोलावलं नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली, अपमान झाला, तिने यज्ञात उडी घेतली. शंकराच्या कोपाला विष्णूने इथे आणून शांत केलं. नंदी सतीबरोबर गेला होता, तो तिकडेच राहिला. तिकडे म्हणजे येडूरला, बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात. नकाशावर सरळ रेघ मारली तर बारा-तेरा किलोमीटर.

देव महाराष्ट्रात, वाहन कर्नाटकात. हे कळल्यावरच मला सहलीचा विषय सुचला होता, आणि आखणी मात्र मी अशी केली की वाडीला अभिषेकाच्या रांगेत दीड तास गेला, बाहुबलीला चढउतारात दोन तास गेले आणि खिद्रापूरला हातात उरली पन्नास मिनिटं.

त्या पन्नास मिनिटांतली दहा एका प्रसंगात गेली. देवळावर शिलालेख आहेत. बहुतेक जुन्या कन्नडमध्ये, आणि दक्षिण दाराजवळचा एक देवनागरीत. आमच्यातल्या एका उत्साही सभासदांनी रांगोळीची पुडी आणली होती. अक्षरांत रांगोळी भरली की फोटोत ती उठून दिसतात, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. चिमूटभर भरून झाली तोच राखणदार धावत आला.

"ओ काका, काय कराय लागलाय? पुसा आधी ते. न्हाई, हातानं नको, फुंकर मारा!"

तो बरोबर होता. रांगोळीची कणी खोबणीत बसते, निघत नाही, ओल धरते. आणि काढायला घासलं की अक्षराची धारच बोथट होते. शिवाय संरक्षित स्मारकाला इजा करणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आम्ही अडतीस जण, त्यात सात निवृत्त शिक्षक, आणि एका राखणदाराने आम्हाला ओणवं करून फुंकर मारायला लावली. त्याचं नाव इथे देत नाही, पण सहलीतला सगळ्यांत शहाणा माणूस तोच.

पावती फाडतील

रविवारी सकाळी सांगलीहून निघालो. सीमेच्या अलीकडे एका चहाच्या टपरीशी चालकाने गाडी उभी केली आणि चावी काढली.

"पलीकडं न्हाई नेत मी. परमिट न्हाई. पावती फाडतील, गाडी लावून घेतील."

बस ठरवताना दोन दर होते, आणि स्वस्तातला मी घेतला होता. कंत्राटात खाली, बारीक अक्षरांत 'महाराष्ट्र राज्यात' असं होतं. बँकेत एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, सही करण्याआधी वाचा. फोन केला तर मालक म्हणाला, साहेब, लिहिलंय की. लिहिलं होतंच.

चालकाचा धसका निव्वळ कागदाचा नव्हता. डिसेंबर २०२२मध्ये सीमावादाने डोकं वर काढलं, तेव्हा गाड्यांवर दगड पडले होते आणि एसटीने कर्नाटकात जाणाऱ्या फेऱ्या काही काळ थांबवल्या होत्या. मुंबईत आपल्याला ती टीव्हीवरची बातमी असते. चालकाला ती काचेची किंमत असते.

पाऊण तास वाद झाला, चहाचे दोन फेर झाले. मग एक ताई म्हणाल्या, "जाऊ दे ना, एक नंदीच तर बघायचा होता." आणि गाडी पन्हाळ्याकडे वळली. पन्हाळ्याला अंधार पडला होता.

दादरची बैठक

पुढच्या शनिवारी वाचनालयात सगळे जमले. पैसे किती परत द्यायचे यावर अर्धा तास, जेवणातल्या तिखटावर वीस मिनिटं. ते सोडून देतो. कामाचं बोलणं सुरू झालं ते एका सभासदाच्या प्रश्नावरून, आणि तो त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारला.

"खिद्रापूरचे लेख जर कानडीत आहेत, तर मग ते देऊळ त्यांचंच म्हणायचं का?"

खोलीत एकदम शांतता. सीमाप्रश्न आमच्या पिढीला जवळचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात बापाच्या खांद्यावर बसून गेलेले दोघं तिथेच होते. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. नंतर जुळवलं, ते असं.

शिलाहारांची कोल्हापूरची शाखा आपले लेख कन्नडमध्येही कोरून घेत होती. तेव्हा या मुलखात ती राजव्यवहाराची भाषा होती, आणि तिथे उद्या राज्याची सीमा येणार आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. उलट बाजूने पाहा. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुंडराजें करवियलें' हे मराठी वाक्य आहे, आणि त्यावरून गोमटेश्वर महाराष्ट्रात आणा असं कुणी म्हणत नाही. सोलापूरकडे भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी लेख मिळाला. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. भीमेच्या पलीकडच्या काठावर आज कर्नाटक आहे. भाषा नदी ओलांडून जात-येत होत्या. आम्ही मात्र बसच्या परमिटवर अडलो.

दुसरी गोष्ट मला आमच्याच कपाटात सापडली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे काही खंड आमच्याकडे आहेत, कडा कुरतडलेले. कोल्हापूरचा चोविसावा खंड १८८६चा, बेळगावचा एकविसावा १८८४चा. दोन्ही मुंबईतच, सरकारी सेंट्रल प्रेसात छापलेले. बेळगाव जिल्हा इंग्रजी अमलापासून मुंबई इलाख्यात. कोल्हापूर मात्र संस्थान, ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ला. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यं भाषेवर बेतली गेली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. म्हणजे कोपेश्वर आणि त्याचा नंदी साडेसात वर्षं एकाच सरकारखाली होते, आणि ते सरकार बसत होतं आपल्या फोर्टात. दादरहून पाहताना दोन्ही गावं 'तिकडची' वाटतात, पण एके काळी दोन्हींचे कागद इकडेच येत होते.

त्याच बैठकीत ठरलं की ज्यांना जायचं आहे त्यांनी पुन्हा जावं. फक्त खिद्रापूर आणि येडूर. पन्हाळा नाही. (हे वेगळं लिहून घेतलं.) नावं आली अकरा.

माटुंग्याच्या अक्का

कन्नड येणारं कुणीतरी बरोबर हवं होतं, आणि मुंबईत ते शोधायला किती लांब जावं लागतं? एक स्टेशन. माटुंग्याला एक बाई राहतात, महापालिकेच्या कन्नड माध्यमाच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या एका सभासदाची मुलगी त्यांच्या शेजारी. सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून आम्हीही. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. फक्त 'कानडी' म्हटलं की त्या थांबतात आणि 'कन्नड' असं दुरुस्त करतात, न रागावता, वहीत लाल खूण करावी तसं.

"मी वाचीन असं समजू नका हं," त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. "हळेगन्नड, म्हणजे जुनी कन्नड, वेगळी. तुम्ही ज्ञानेश्वरी वाचता तशी जुनी नव्हे, त्याहून अवघड, कारण अक्षरच वेगळं."

पण त्या तयारीने आल्या. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या कन्नड विभागातून त्यांनी अक्षरांच्या वळणांचा एक तक्ता छायाप्रत करून आणला. प्रत्येक शतकात एकेक अक्षर कसं बदललं, त्याचा. महिनाभर त्या दुपारी तो गिरवत बसत होत्या, असं त्यांच्या शेजारणीकडून कळलं.

बॅटरी आणि ऊन

फेब्रुवारीत महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालो, पहाटे मिरजेला उतरलो. मिरज स्टेशनाबाहेर मराठी आणि कन्नड आरोळ्या एकत्र चालतात. सतारींचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. तिथे थांबायचा मोह झाला आणि आम्ही तो टाळला. दोन्ही राज्यांत चालणाऱ्या दोन जीपगाड्या आधीच सांगून ठेवल्या होत्या. या वेळी परवाना डोळ्यांनी पाहिला, फोटो काढून ठेवला. एरवी या भागात लोक 'वडाप'ने फिरतात, माणशी पैसे देऊन, टपापर्यंत भरलेल्या जीपमधून; आमची गुडघ्यांची अवस्था पाहता ते शक्य नव्हतं.

साडेसातला देवळात होतो. आम्ही आणि झाडलोट करणाऱ्या बाई, एवढेच. राखणदाराने ओळखलं.

"पुडी न्हाई ना आणली?"

पुडी नव्हती, बॅटरी होती. एका निवृत्त छायाचित्रकाराने दादरला शिकवलं होतं : लेखावर समोरून प्रकाश टाकला की अक्षरं मरतात. बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून, बाजूने, तिरपी धरायची. मग खोबणीत सावली पडते आणि नुसता खरखरीत दिसणारा दगड बोलायला लागतो. दगडाला बोटही लावायचं नाही.

बाहेरच्या लेखाला बॅटरीही लागली नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे आठच्या सुमाराला ऊन दक्षिणेच्या भिंतीवरून घासत जातं. डिसेंबरात दुपारी आम्ही याच भिंतीपुढे उभे होतो आणि काही दिसलं नव्हतं. आता ओळीच्या ओळी वर आल्या. हा यादव राजा सिंघणाचा लेख, इ.स. १२१३-१४च्या सुमाराचा, संस्कृत भाषेत. शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज, त्याला हरवून सिंघणाने कोल्हापूर घेतलं, आणि नव्या राज्यात कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी एक गाव लावून दिलं. राज्य बदललं की देवाच्या खर्चाची तरतूद पुन्हा लिहून द्यावी लागते. बँकवाल्याला हे लगेच पटतं.

देवनागरी म्हणजे आपलीच लिपी, अशा थाटात मी वाचायला पुढे झालो. पहिल्या ओळीत अडखळलो. ए-काराची मात्रा डोक्यावर नाहीच. अक्षराच्या आधी उभी रेघ. पडिमात्रा म्हणतात तिला, हे पुस्तकात वाचलं होतं. पण दगडासमोर ती काना वाटते आणि शब्द भलताच होतो. पाच मिनिटांत मी सलग तीन अक्षरं वाचू शकलो नाही.

आत अक्का एका खांबाशी उभ्या होत्या. मी बॅटरी धरली, त्यांनी तक्ता. खांब गुळगुळीत, जणू चरकावर फिरवलेला. लेखाचा भाग तेवढा हाताला नाही पण नजरेला खरबरीत. त्या पुटपुटत होत्या. 'ग' ओळखीचा निघाला. 'र' एक वाटोळं वेटोळं. मग बराच वेळ काही नाही. मग त्यांनी माझं मनगट धरून बॅटरी थोडी खाली वळवली आणि म्हणाल्या, "हा न. बघा, हा आमच्या पहिलीच्या पुस्तकातला न."

तासाभरात त्यांच्या हाती लागली अकरा अक्षरं आणि खात्रीचा एकही शब्द नाही. पस्तीस वर्षं मुलांना अक्षरं शिकवलेल्या बाई आणि रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारा मी. आपापल्या लिपीपुढे दोघं सारखेच नापास. चढ्या आवाजाचे सभासद शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण माझा हात भरून आल्यावर बॅटरी त्यांनी घेतली, आणि पुढचा तासभर अक्कांसाठी तेच धरून होते.

दहा वाजता देवळापुढच्या टपरीवर चहाला बसलो. टपरी चालवणारा मुलगा कॉलेजात जाणारा. मागेच त्याचं घर, आणि घराची मागची भिंत अर्धी. ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्याखाली होता, तेव्हा ती खचली. बांधून का घेतली नाही, असं एका ताईंनी सहज विचारलं, आणि त्याने सगळा कायदा ऐकवला : संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत नवं बांधकाम नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, त्यापुढच्या दोनशे मीटरांतही परवानगीशिवाय काही नाही. "देऊळ हाय म्हणून तुम्ही येताय, चहा खपतोय. आन देऊळ हाय म्हणून भिंत न्हाई." तक्रारीचा सूर नव्हता, हिशेब होता. कायदा नसता तर देवळाला खेटून चार मजली भक्तनिवास उभे राहिले असते, असं माझं मत. ते मी त्याला सांगितलं नाही. भिंत माझी नाही.

त्याची आजी आतून बाहेर आली, ती अक्का फोनवर कन्नडमध्ये बोलत होत्या म्हणून. सत्तरी उलटलेली, ठसठशीत कुंकू. माहेर जुगूळ.

"पलीकडं म्हंजे लांब न्हवं बाई, हितनं हाक मारली तर भाऊ 'ओ' द्यायचा. वरात नावेतनं आली माझी."

चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली, लग्न होऊन मराठी गावात आली, पोरांशी मराठीत बोलली. नातवाला कन्नड वाचता येत नाही. आजीला मराठी वाचता येत नाही. दोघं एकाच टपरीवर बसतात. अक्का आणि आजी बोलायला लागल्या ते संपेचना; आम्ही चहाचे पैसे देऊन उभे, आणि ह्या दोघी पापडाच्या पिठाबद्दल काहीतरी. चाळीस मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणार नाही, पण बोललो नाही.

आजीनेच वाट सांगितली. गाडीने येडूरला जाताना कोणत्या बंधाऱ्यावरून जायचं, कुठे वळायचं. या भागातले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे रस्त्याचंही काम करतात : पावसाळ्याआधी फळ्या काढतात, नंतर घालून पाणी अडवतात, आणि वरून वाहनं जातात. पाणी वाढलं की वाट बंद. तेव्हा एकमेकांना दिसणाऱ्या गावांनाही मोठा वळसा पडतो.

येडूर

पाट्यांवरची लिपी बदलली एवढीच सीमा. ऊस तोच, ट्रॅक्टरवरची गाणी तीच. येडूरला मुख्य गर्दी वीरभद्राच्या देवळात, आणि हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. वीरभद्र म्हणजे दक्षाचा यज्ञ उधळून लावणारा. गोष्टीतला राग इकडे उभा आहे, त्याची समजूत नदीच्या वरच्या अंगाला, आणि दोन्हींमध्ये नंदी. खिद्रापूरला ऐकलेली कथा अर्धीच होती. तिचं दुसरं पान इथे होतं.

नंदी वेगळ्या ठिकाणी आहे, समोर पिंड नाही. गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर तेलाचा काळा चकाकता थर. शिल्प म्हणून खिद्रापूरच्या कुठल्याही खांबाशी त्याची तुलना होणार नाही, आणि फक्त शिल्प पाहायला आलेल्याची निराशा होईल. "एक नंदीच तर" म्हणणाऱ्या ताई या वेळीही बरोबर होत्या. त्या सगळ्यांत जास्त वेळ बसल्या. तिथल्या गुरवांनी अक्कांना कन्नडमध्ये विचारलं, कुठून आलात? अक्का 'मुंबई' म्हणाल्या. त्यांना ते पुरेसं नव्हतं. "खिद्रापूरहून आलात का?" हो म्हटल्यावर मात्र मान हलवली. लोक त्याच क्रमाने येतात, म्हणाले. आधी तिकडे, मग इकडे.

हिशेब : दुसऱ्या सहलीचा खर्च माणशी २,६५०. पहिल्या सहलीचे माणशी ४०० परत केले, त्यातले निम्मे मी. कार्यकारिणीने दोन ठराव केले. एक, बसचं कंत्राट दोघांनी वाचायचं आणि दोघांनी सही करायची. दोन, दिवसाला दोनपेक्षा जास्त ठिकाणं नाहीत. रांगोळीवाल्या सभासदांनी स्वतःच्या खर्चाने वाचनालयाला दोन चांगल्या बॅटऱ्या दिल्या. त्यावर भाषण करायचं नाही, अशी अट घातली. तिसरा ठराव मी मांडला होता : गावात जो सांगेल, वाट दाखवेल, त्याच्यासाठी खर्चात एक रक्कम धरायची. किती, कुणाला आणि कोणत्या शीर्षाखाली यावर अजून एकमत नाही. टपरीवाल्या मुलाने पैसे घेतले नव्हते. आजीने तर अक्कांना पिशवीभर शेंगा दिल्या.

जुलै २०२४मध्ये पंचगंगा आणि कृष्णा पुन्हा फुगल्या. मी मुलाला फोन केला, लागला नाही. दोन दिवसांनी त्याने अक्कांना आजीच्या आवाजातला निरोप पाठवला, कन्नडमध्ये, कारण आजीला मोबाइलवर मराठीत बोलणं सुचेना. अक्कांनी तो वाचनालयात आणून ऐकवला आणि ओळीओळीने मराठी केलं. पाणी शेतात आहे, घरात नाही. बंधारा बुडाला, येडूरची वाट बंद. राखणदार देवळातच झोपतो. दिवाळीनंतर या. आणि येताना तसली एक बॅटरी घेऊन या, पुरात लाइट जाते.